घरी आई, शाळेत बाई

हे पत्र नागपूरच्याच मनीष नगरातून आलंय. नाव छापू नका म्हणाल्यात म्हणून छापत नाही. आठ पानी पत्र आहे, हाताने लिहिलेलं, त्यातलं उत्तराला लागेल तेवढंच इथे देते.

"माझी आई गेल्या महिन्यात गेली. ९१ वर्षांची होती. १९५५ साली, वयाच्या २१ व्या वर्षी महाल भागातल्या एका प्राथमिक शाळेत लागली आणि १९९२ ला तिथूनच रिटायर झाली. तेरवीला अडीचशे माणसं आली, त्यातले निम्मे तिचे विद्यार्थी. जो भेटतो तो म्हणतो, बाई आम्हाला आईसारख्या होत्या. आणि मला आतून राग येऊन राहिला आहे, स्वतःची लाज वाटते पण येतो. चौथीत मी तिच्याच वर्गात होते. एकदा चुकून 'आई' म्हटलं तर सगळा वर्ग हसला आणि ती म्हणाली, इथे बाई म्हणायचं. पाढा चुकला तर बाकीच्यांना एक छडी, मला दोन. माझा वाढदिवस २४ एप्रिलचा, म्हणजे पेपर तपासायचे दिवस, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशिवाय एकही वाढदिवस मला आठवत नाही. तेरवीला एक दादा आले होते, सत्तरीचे असतील, ऑटो चालवायचे, म्हणाले, 'ताई, माहा जल्म बाईनं लावला जी.' शाळेत नाव घालताना त्यांच्या आईला तारीख सांगता येईना, तर बाईंनी तिला तासभर बसवून विचारलं म्हणे, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघाली तेव्हा पोरगं पोटात होतं का मांडीवर, एम्प्रेस मिलमध्ये पोराच्या बापाची तेव्हा कोणती पाळी होती, आणि मग पंचांग काढून तारीख लावली. सगळे डोळे पुसत होते. माझ्या मनात आलं, लोकांच्या पोरांचे वाढदिवस शोधायला हिच्याकडे बरा वेळ होता.

भाऊ म्हणतो वर्षश्राद्धाला स्मरणिका काढू, तू मराठीत एम.ए. आहेस, तूच लिही. पहिलं वाक्यच सुचत नाही. रडूही येत नाही. लोक म्हणतात, ९१ वर्षं जगली, सोनं झालं. शेवटची दोन वर्षं तिने कोणाला ओळखलं नाही (मला मुख्याध्यापिका समजायची, रोज अर्धी रजा मागायची, बाई जाऊ द्या ना, मुलगी तापाने फणफणली आहे, घरी एकटीच आहे). आता डोळे मिटले की तीच आई दिसते, आधीची आठवतच नाही. मी काय लिहू? खरं लिहिलं तर आईची बदनामी होईल असं भावाचं म्हणणं."

ताई,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं. आधी त्या रागाचं बोलू, कारण तो बाजूला ठेवून स्मरणिका लिहायला बसलात तर एक ओळ लिहून होणार नाही.

शिक्षकांच्या घरात वाढलेल्या कोणालाही विचारा, हा राग प्रत्येकाकडे थोडाफार असतो, फक्त कोणी बोलत नाही. बाईच्या पोरीने पहिला नंबर काढला तर बाईने काढून दिला, आणि नाही काढला तर बाईच्या पोरीलाच येत नाही. चौथीत तुम्हाला दोन छड्या का पडायच्या हे आज साठीत तुम्हाला कळतं, मलाही कळतं, चाळीस पोरांच्या आयाबापांना तोंड द्यायचं होतं त्यांना. पण ते कळल्याने नऊ वर्षांच्या पोरीच्या हातावरचे वळ कमी होत नाहीत. तुम्ही तिला समजून घेतलं म्हणजे तुम्हाला लागलं नव्हतं असं होत नाही. दोन्ही राहू द्या. रागाची लाज तर मुळीच वाटून घेऊ नका, आई गेली की तिच्यावरचं प्रेम आणि तिच्यावरचा राग एकाच पेटीतून निघतात, पेटी उघडली की दोन्ही हाताला लागणारच.

आणि ते "सोनं झालं". आपल्याकडे म्हणायची पद्धत आहे, म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. पण ऐकणाऱ्याला वाटतं की आता रडायचा हक्कच संपला. ज्याची आई पन्नासाव्या वर्षी गेली त्याला सगळे जवळ घेतात आणि तुम्हाला सांगतात की तुम्ही नशीबवान. अहो, साठ वर्षं रोज असलेलं माणूस गेलं तुमचं! सकाळी उठल्यावर आधी आईला चहा, मग बाकी घर, अशी ज्यांची कित्येक वर्षं गेली त्यांचा हात अजून दोन कप काढतो. रडू येत नाही तर नका रडू. दोन वर्षं आई रोज थोडी थोडी जात होती आणि तुम्ही रोज ते बघत होता, बरंचसं रडून झालंही असेल आणि तुमच्या लक्षातही आलं नसेल. कधी येईल ते सांगता येत नाही, इतवारीत भाजी घेताना येईल किंवा कुठल्या शाळेची घंटा ऐकून येईल. मात्र चार-सहा महिने झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही असं असेल तर डॉक्टरांना दाखवा, हे मात्र टाळू नका.

आता स्मरणिका. इथे मला माझ्या घरचं सांगू द्या. माझी आजीही मास्तरीण होती, खेड्यातल्या शाळेत. ती गेल्यावर आमच्या घरच्यांनी चाळीस पानी पुस्तिका काढली, गुळगुळीत कागद, रंगीत कव्हर. त्यात आजी त्यागमूर्ती आहे, मातृहृदयी आहे, ज्ञानदानाचं पवित्र कार्य तर सात जणांनी लिहिलंय. मी ती कितीदा उघडली, आजी काही त्यात भेटत नाही. फक्त शेवटून दुसऱ्या पानावर शेजारच्या काकूंनी लिहिलेल्या पाच ओळी आहेत, की मधल्या सुट्टीत ही पेरूच्या फोडी मीठ-तिखट लावून हजेरीच्या रजिस्टरखाली झाकून ठेवायची आणि त्या रजिस्टरला कायम पेरूचा वास यायचा. तेवढीच माझी आजी. बाकी सगळी पानं कोणाच्याही आजीला चालतील.

म्हणून विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर "बाईंबद्दल चार शब्द लिहून पाठवा" असा मेसेज टाकू नका, टाकला असेल तर लगेच दुसरा टाका. चार शब्द मागितले की लोक निबंध लिहितात, प्रस्तावना, मुख्य भाग, समारोप, तुमच्या आईनेच शिकवला असेल तो. त्याऐवजी बारीक विचारा. बाई वर्गात आल्यावर सगळ्यात आधी काय करायच्या, फळा पुसायच्या का खिडकी उघडायच्या. तोंडात कोणता शब्द असायचा. कधी तुमच्या घरी आल्या होत्या का, आल्या तर कुठे बसल्या, चहा घेतला का. कोणत्या गोष्टीवर चिडायच्या. आणि लिहून नका मागू, व्हॉइस मेसेज मागा, किंवा फोन करा आणि विचारून रेकॉर्ड करा, कारण लिहिताना माणूस शुद्ध भाषेत शिरतो आणि बोलताना बाईंची नक्कल करतो, आणि त्या नकलेतच तुमची आई सापडेल.

हे लवकर करा. १९५५ साली पहिलीत सहा वर्षांची पोरं असतील तर ती आज ७६ ची आहेत. तुमच्या आईपेक्षा फक्त १५ वर्षांनी लहान! हा आकडा मी दोनदा मांडून पाहिला. म्हणजे त्यांनी पाहिलेली बाई ही २१ वर्षांची पोरगी होती, लग्न व्हायचं होतं, पहिला पगार, पहिला वर्ग. ती पोरगी तुम्ही कधी पाहिली नाही, तुमच्या भावानेही नाही, तिला ओळखणारी माणसं आता फक्त तीच आहेत आणि त्यांचेही गुडघे, डोळे, विसरणं सुरू झालं असेल. वर्षश्राद्धाची वाट बघत बसू नका.

त्यांना त्या काळाचंही विचारा. आई शाळेत लागली तेव्हा नागपूर ही जुन्या मध्यप्रदेशाची राजधानी होती. १९५६ च्या ऑक्टोबरात, १४ तारखेला, दीक्षाभूमीवर लाखो माणसं आली. लगेच १ नोव्हेंबरला आपण मुंबई राज्यात गेलो आणि राजधानीपण गेलं, मग १ मे १९६० ला महाराष्ट्र. म्हणजे महालातल्या त्याच शाळेत, त्याच खुर्चीवर बसून बाईंनी पाच वर्षांत तीन राज्यांत नोकरी केली. मध्येच १ एप्रिल १९५७ ला नये पैसे आले. ज्या बाईने आदल्या वर्षी सोळा आण्यांचा रुपया शिकवला तिला आता शंभर पैशांचा शिकवायचा होता, चार आणे म्हणजे पंचवीस हे सोपं, पण एक आणा म्हणजे सव्वासहा पैसे हे पहिली-दुसरीच्या पोट्ट्यांना कसं सांगितलं असेल? तेव्हा पावकी-निमकी-सवायकीचे पाढे होते म्हणून निभावलं असेल. हे कोणाला तरी आठवत असेल, विचारून तर बघा. तुमच्या पत्रात ३७ वर्षं असा एक आकडा आहे, तो असा फोडला की त्यात माणूस दिसतो.

शाळेतही जा. रीतसर अर्ज घेऊन जा, मुख्याध्यापकांना सांगा कशासाठी पाहिजे, आणि जुनं दाखल-खारीज रजिस्टर पाहायला मिळतं का विचारा. शाळेचा नियम असेल आणि नाहीच दाखवलं तर वाद घालू नका, पण बहुतेक ठिकाणी जुन्या बाईंची मुलगी आली म्हटल्यावर निदान खुर्ची देतात, चहा सांगतात. त्या दादांचं नाव आणि जन्मतारीख तुमच्या आईच्या अक्षरात तिथे असायची शक्यता आहे. तुम्हाला माहीतच असेल, त्या काळात जन्माची नोंद नसलेल्या पोरांना गुरुजी सरसकट १ जून नाहीतर १ जुलै लावून टाकायचे, आजही आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी लोकांचे वाढदिवस कागदावर याच दोन तारखांना येतात. त्यात गुरुजींचा दोष काय, जूनच्या गर्दीत एकेका पोरामागे तास कोण घालवणार. तुमच्या आईने घातला. मारबत, पोळा, मिलची पाळी असं एकेक पकडत ती त्या बाळाच्या दिवसापर्यंत गेली. सर्व्हिस बुक घरी किंवा ऑफिसात सापडलं तर तेही बघा, त्यात रुजू झाल्याची तारीख, वाढलेले पगार, घेतलेल्या रजा, सगळं असतं. रजांचं पान जरा नीट बघा, ते का म्हणते ते पुढे सांगते.

फोटोंचं थोडक्यात. घरात जुने ग्रुप फोटो असतील तर लॅमिनेट करू नका, एकदा केलं की ते निघत नाही आणि फोटो वाया जातो. स्कॅन करून घ्या आणि मागच्या बाजूला नावं लिहायची तर पेनाने नको, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने.

आता भावाचं. तुम्ही दोघं एकाच घरात वाढलात पण तुम्हाला दोन वेगळ्या आया मिळाल्या, हे आधी मान्य करा. तुम्ही लिहिलंय की तो तुमच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि दुसऱ्या शाळेत होता. त्याने आईला कधी बाई म्हटलं नाही. त्याच्यासाठी ती संध्याकाळी पाचला घरी येणारी, पदराला खडूची पूड लागलेली आई. मग तुमच्या छड्यांचं ऐकून त्याला वाटणारच की ताई आईला नावं ठेवून राहिली. त्याच्याशी भांडू नका, त्याला म्हणा तू तुझं पान लिही, मी माझं लिहिते, दोन्ही छापू, एकमेकांचं खोडायचं नाही. त्यात बदनामी कसली? अडीचशे माणसं तेरवीला येतात त्या बाईची बदनामी दोन छड्यांनी होत नाही. उलट तुमचं पान वाचून तुमच्या वर्गातला कोणीतरी साठीचा विद्यार्थी म्हणेल, आम्हाला एकच पडायची बुवा, बाईने पोरीला सोडलं नाही. वर्गाला तेव्हा ते दिसत होतं ताई, पोरांना सगळं दिसतं. तुम्हाला नक्की कसं वाटलं होतं ते मात्र कोणाला माहीत नाही, ते तुम्हीच लिहायचं.

२४ एप्रिलही लिहा. कुठल्या खोलीत गठ्ठे असायचे, खिडकीला वाळ्याचा पडदा होता का, त्यावर पाणी कोण मारायचं, लाल पेन कान आणि केसांच्या मध्ये खोचलेला असायचा का. १ मेला निकाल, त्याआधी सगळी बेरीज जुळली पाहिजे. शेवटी आईने मान वर करून तुमच्याकडे कधी पाहिलं, आणि तेव्हा घरात खायला काय होतं. तुमच्या पत्रात एक अर्धं वाक्य आहे, की गठ्ठा बांधायची सुतळी ती तुम्हाला धरायला लावायची आणि तुमच्या बोटावर गाठ मारून मग बोट काढ म्हणायची. ते वाचताना मला वाटलं की तुम्हाला आधीची आई आठवत नाही हे खरं नाही. बोटाला आठवते. शेवटची दोन वर्षं समोर उभी आहेत म्हणून मागचं दिसत नाही एवढंच, एकेका वस्तूला धरून मागे जा, सुतळी, लाल पेन, वाळा. सलग आठवायचा प्रयत्न करू नका, तसं कोणालाच आठवत नाही.

आणि त्या ऑटोवाल्या दादांची मारबतीची गोष्ट आणि तुमचा २४ एप्रिल एकाच पानावर घ्या, शेजारी शेजारी. मध्ये काही स्पष्टीकरण देऊ नका.

आता तुमच्या पत्रातल्या पाचव्या पानावर या. तिथे तुम्ही कंसात एक गोष्ट लिहिली आहे. शेवटच्या दिवसांत आई तुम्हाला मुख्याध्यापिका समजायची आणि रोज अर्धी रजा मागायची. तुम्ही ते आजाराच्या लक्षणांमध्ये लिहिलंय, ओळखत नव्हती, रात्री उठून बसायची, त्याच ओळीत. कंस करून, घाईघाईत.

ताई, कोणती मुलगी तापाने फणफणली होती?

भाऊ नाही, मुलगी म्हणायच्या असं तुम्हीच लिहिलंय. घरात मुलगी एकच. ३७ वर्षांत त्या शाळेत काय काय घडलं असेल, इन्स्पेक्शन, निवडणुकीची ड्युटी, शिरगणती, बदल्या, भांडणं, सत्कार, आणि ते सगळं पुसत पुसत गेलं आणि तळाशी जे उरलं ते हे, की पोरगी घरी एकटी आहे आणि मला सुटी मिळत नाहीये. तो दिवस तुम्हाला आठवतो का? तुम्ही लहान असाल, आठवणारही नाही. त्या दिवशी तिला रजा मिळाली का नाही हेही मला माहीत नाही, आणि त्यावरून मी तुम्हाला असं म्हणणार नाही की बघा तिचं किती प्रेम होतं, विसरा आता छड्या. तसं सोपं नसतं. पण तुम्हाला जे वाटत आलं की तिचं लक्ष सगळं शाळेकडे आणि मी मागे, ते तिलाही माहीत होतं. तिला ते आतून खात होतं. तुम्ही दोघींनी साठ वर्षं एकच गोष्ट दोन बाजूंनी धरून ठेवली आणि एकमेकींना सांगितली नाही. म्हणून मी रजांचं पान बघा म्हटलं. सापडलं तर सापडलं, एखादी अर्ध्या दिवसाची नोंद असेल किंवा नसेल.

तुम्ही तिला तेव्हा काय उत्तर द्यायच्या ते पत्रात नाही. "अगं आई, मी आहे ना" म्हणत असाल, सगळेच म्हणतात. एखाद्या दिवशी तिच्या समाधानासाठी "बरं, जा बाई" म्हटलं असेल तर तेही लिहा, आणि म्हटलं नसेल तर त्यासाठी स्वतःला बोल लावू नका, त्या क्षणी कोणाला सुचतं.

पहिलं वाक्य सुचत नाही म्हणालात ना. कंस काढून टाका आणि तिथून सुरुवात करा. "शेवटची दोन वर्षं माझी आई मला मुख्याध्यापिका समजून रोज अर्धी रजा मागायची." पुढचं येईल. मुद्रितशोधन मी करून देते, पानं पाठवा. आणि टाईप मोठा ठेवायला सांगा प्रेसवाल्याला, वाचणारे ७६ चे आहेत.

त्या दादांचा नंबर घेतला नसेल तर ग्रुपवर विचारून घ्या. दाखल्यावरची तारीख कोणतीही असो, त्यांच्या घरी वाढदिवस मारबतीलाच मानत असतील. यंदा पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांना फोन करा, बाईंची मुलगी बोलते म्हणून सांगा.